आंतरराष्ट्रीय बैठकीचा विमानप्रवास: ऑफसेट घ्या, पण वजाबाकी करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक बैठकीला साधारण चारशे लोक येतात, बहुतेक जण विमानाने. कार्यकारिणीत ठराव आलाय की नोंदणी शुल्क दहा डॉलरनी वाढवायचं, त्या पैशांतून कार्बन क्रेडिट घ्यायची (म्हणजे दुसरीकडे झालेल्या कपातीचा दावा विकत घेऊन आपलं उत्सर्जन भरून काढायचं, यालाच ऑफसेट म्हणतात) आणि बैठक 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, म्हणून जाहीर करायची. कोणता कॅल्क्युलेटर वापरावा आणि क्रेडिट कुठली घ्यावीत, हे तुम्हाला हवंय. आणि जाता जाता विचारलंय, "याने खरंच काही होतं, की नुसतं मनाचं समाधान?"

जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच टेकलेले आहेत. संस्थांच्या प्रवासाचा कार्बन हिशेब मांडून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि दहा डॉलरचा हा ठराव मला निरनिराळ्या संस्थांत जवळपास याच शब्दांत भेटत आलाय. माझं मत स्पष्ट आहे. पैसे द्या, जमल्यास दहापेक्षा बरेच जास्त द्या. पण ते तुमच्या उत्सर्जनातून वजा करू नका, आणि ठरावातून 'न्यूट्रल' हा शब्द काढून टाका. असं का म्हणतो, त्यासाठी आधी आकड्यांकडे जावं लागेल.

विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं केरोसीन. ते एक किलो जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे रसायनशास्त्र झालं, त्यात वाद नाही. वाद सुरू होतो तो हा धूर प्रवाशांमध्ये वाटताना. विमान किती भरलं होतं? पोटात माल किती होता? सरळ रेषेतलं अंतर धरायचं की वळसे आणि घिरट्यांसाठी त्यात काही टक्के मिळवायचे? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुर्ची कुठली? लांब पल्ल्याच्या उड्डाणात बिझनेस क्लासचा प्रवासी विमानातली जी जागा अडवतो, ती पाहता त्याच्या वाट्याला इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट उत्सर्जन येतं. ब्रिटिश सरकार कंपन्यांच्या हिशेबासाठी दरवर्षी जे गुणक प्रसिद्ध करतं त्यातही साधारण हेच प्रमाण आहे. फर्स्ट क्लास त्याच्याही वर.

ढोबळ अंदाजासाठी मी इकॉनॉमीच्या लांब प्रवासाला दर किलोमीटरला शंभर ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतो. म्हणजे सात हजार किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाचा जाऊन-येऊन सुमारे १.४ टन. जगात माणशी वार्षिक उत्सर्जन सरासरी ४.७ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका बैठकीपायी वर्षाचा तिसरा हिस्सा उडाला. तोच माणूस बिझनेसने आला तर चार टनांच्या वर.

आता गुंतागुंतीचा भाग. विमान उंचावर फक्त कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड, काजळी आणि वाफही सोडतं. हवा पुरेशी थंड आणि दमट असेल तर मागे बर्फकणांचे पांढरे पट्टे उमटतात, ते कधी कधी पसरून ढगासारखे तासन् तास टिकतात आणि जमिनीची उष्णता अडवून धरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार विमानवाहतुकीच्या आजवरच्या एकूण तापमानवाढीच्या परिणामात सुमारे दोन तृतीयांश वाटा कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर गोष्टींचा निघतो. त्यातली अनिश्चितता मात्र मोठी आहे. शिवाय सगळी उड्डाणं सारखी नसतात. थोडीच उड्डाणं बहुतेक पट्ट्यांना जबाबदार असतात आणि रात्रीचे पट्टे जास्त तापवतात, कारण त्या वेळी परत पाठवायला सूर्यप्रकाशच नसतो.

त्यामुळे हे इतर परिणाम धरण्यासाठी कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला हिशेबात जो गुणक लावतात, ब्रिटिश गुणकांत तो पूर्वी १.९ होता, आता १.७ आहे, तो तुमच्या ठराविक विमानाचं भौतिकशास्त्र सांगत नाही. ती एक सोय आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे 'इकाओ'चा, कॅल्क्युलेटर फक्त कार्बन डायऑक्साइड देतो. जर्मनीतल्या 'ॲटमॉसफेअर'चा उंचावरचे परिणामही धरतो. एकाच प्रवासाला एक कॅल्क्युलेटर दुसऱ्याच्या दुप्पट आकडा दाखवतो तो यामुळे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तेव्हा कॅल्क्युलेटर कोणता, यावर समितीचा वेळ घालवू नका. एक निवडा, त्यात काय धरलंय ते लिहून ठेवा आणि दरवर्षी तोच वापरा. मी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतो: नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि १.७ ने गुणलेला.

तुमच्या चारशे लोकांचं उदाहरण करून पाहू. समजा दीडशे जण जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर करतात, एकशेतीस जण आठ हजार, आणि एकशेवीस जण वीस हजार. छोट्या उड्डाणांत विमान वर चढवण्याचा खर्च थोड्या अंतरावर विभागला जातो, म्हणून त्यांना दर किलोमीटरला दीडशे ग्रॅम धरू. पहिला गट सुमारे ६८ टन, दुसरा १०४, तिसरा २४०. एकूण चारशेदहाच्या आसपास, आणि गुणक लावला तर सातशे टन. सगळे इकॉनॉमीने आले असं धरून. तिसऱ्या गटात तीस टक्के लोक आहेत आणि उत्सर्जन मात्र निम्म्याहून बरंच जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचे दहा डॉलर. चारशे जणांचे चार हजार. सातशे टनांना भागले तर टनाला सहा डॉलर पडतात. या भावात क्रेडिट मिळतात, अगदी हवी तितकी. प्रश्न असा की ज्या गोष्टीचं नुकसान कित्येक शतकं टिकणार आहे, ती सहा डॉलरमध्ये कशी पुसली जाते? बाजारात एखादी वस्तू इतकी स्वस्त असेल तर बहुतेक वेळा ती वस्तू तुम्ही समजताय ती नसते.

क्रेडिट म्हणजे काय, तर कुणीतरी कुठेतरी एक टन कमी सोडला किंवा हवेतून काढला, असा दावा. 'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी? हा पैसा आला नसता तर जे झालं असतं, त्यापेक्षा. आणि जे झालंच नाही ते मोजायला कोणतंही यंत्र नाही. ते अंदाजानेच ठरवावं लागतं. अंदाज ठरवणाऱ्याला जास्त क्रेडिट हवी असतात, विकत घेणाऱ्याला स्वस्त हवी असतात, आणि तपासणाऱ्याला पैसे प्रकल्पवालाच देतो. या तिघांपैकी अंदाज कडक ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही. या धंद्यातल्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ मला लबाडीपेक्षा या रचनेत जास्त दिसतं.

त्याचे परिणाम मोजले गेले आहेत. क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेखालच्या (श्रीमंत देशांनी विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट घेण्याच्या योजनेतल्या) प्रकल्पांचा २०१६ मध्ये युरोपीय आयोगासाठी अभ्यास झाला. त्यात ८५ टक्के प्रकल्प खऱ्या अर्थाने अतिरिक्त असण्याची शक्यता कमी निघाली, म्हणजे क्रेडिटचा पैसा नसता तरी ते बहुधा उभे राहिलेच असते. २०२३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जंगलतोड रोखण्याच्या प्रकल्पांची तुलना तशाच पण प्रकल्प नसलेल्या जंगलांशी केली गेली. अपेक्षित क्रेडिटपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी घट सापडली. प्रमाणन करणाऱ्यांनी पद्धतीवर आक्षेप घेतले, तो वाद अजून चालू आहे. पण २०२४ मध्ये अनेक प्रकारच्या प्रकल्पांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही १६ टक्क्यांपेक्षा कमी क्रेडिटमागे खरी घट आढळली. टक्का सहा असो की सोळा, तुमच्या ताळेबंदात सातशे टनांसमोर सातशे टनांची वजाबाकी त्या कागदावर उभी राहत नाही.

म्हणून सगळं सारखंच टाकाऊ आहे असंही नाही. प्रकारानुसार खूप फरक पडतो, आणि इथे थोडं थांबायला हवं.

पवन आणि सौर प्रकल्पांची क्रेडिट सगळ्यात स्वस्त मिळतात आणि त्यांनाच मी सगळ्यात आधी बाजूला काढतो. एकेकाळी त्यांना या पैशांची गरज होती. आता बहुतेक ठिकाणी ती वीज आपल्या भावावरच उभी राहते. क्रेडिटची गुणवत्ता ठरवण्यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये अक्षय ऊर्जेच्या जुन्या पद्धतींना आपला शिक्का द्यायला नकार दिला. तुम्हाला टनाला दोन-तीन डॉलरचा भाव कुणी सांगितला तर बहुधा हाच माल असतो.

झाडं लावणं समितीला सर्वांत आवडतं. वार्षिक अहवालात रोपट्याचा फोटो कुठला टाकायचा यावर अर्धा तास आणि बैठक कुठल्या खंडात घ्यायची यावर दोन मिनिटं, अशा सभा मी पाहिल्यात. अडचण वेळेची आहे. तुमचा धूर या महिन्यात हवेत गेला. रोप तो टन शोषायला काही दशकं घेईल, आणि तोवर ते जगलं, तोडलं गेलं नाही, जळलं नाही, असं धरावं लागेल. २०२१ मध्ये ओरेगॉनमधल्या बूटलेग वणव्यात क्रेडिट विकली गेलेली जंगलं जळाली. अशा नुकसानीसाठी काही क्रेडिट राखीव ठेवलेली असतात, पण वणव्यांचं प्रमाण वाढतंय आणि ती राखीव बेगमी जुन्या काळच्या वणव्यांच्या अंदाजावर ठरलेली आहे. जंगल राखणं, लावणं हे चांगलंच काम आहे, त्यासाठी देणगी द्या. जमिनीखाली लाखो वर्षं असलेला कार्बन काढून जाळायचा आणि त्याच्या बदल्यात झाडातला कार्बन दाखवायचा, ही अदलाबदल मात्र बरोबरीची नाही.

सुधारित चुलींचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं. धूर कमी होतो, स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसं वाचतात, लाकूड कमी लागतं. फायदा खराच आहे. पण २०२४ च्या एका अभ्यासात या प्रकल्पांना दिलेली क्रेडिट प्रत्यक्ष घटीच्या सरासरी नऊ पटींहून जास्त निघाली. कारणं साधी आहेत. नवी चूल मिळाली तरी जुनी बंद होत नाही, दोन्ही चालतात. आणि जळणारं सगळं लाकूड जंगल संपवूनच येतं असं धरलेलं असतं, प्रत्यक्षात त्यातलं बरंच पुन्हा वाढतं. अशा प्रकल्पाला पैसे द्यायला मी कुणाला अडवत नाही, फक्त टन मोजू नका म्हणतो.

वायू जाळून टाकण्याचे प्रकल्प त्यामानाने भरवशाचे: कचराडेपोतला मिथेन, जुन्या शीतयंत्रांतले वायू नष्ट करणं. तिथे मीटर लावता येतो, आणि जिथे कायद्याची सक्ती नसते आणि वायू विकून पैसा मिळत नसतो तिथे क्रेडिटखेरीज हे काम करायला दुसरं कारणच नसतं. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. शीतक तयार करताना निघणारा एचएफसी-२३ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक तापवतो. तो नष्ट करण्याची क्रेडिट इतकी किफायतशीर ठरली की काही कारखान्यांत तो नष्ट करता यावा म्हणूनच जास्त तयार होतोय असा संशय बळावला, आणि २०१३ मध्ये युरोपने आपल्या बाजारात ती क्रेडिट बंद केली.

आणि टिकाऊ पद्धती. बायोचार, म्हणजे शेतीतला काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा जमिनीत मिसळणं, टनाला साधारण शंभर ते दोनशे डॉलर. हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड ओढून खडकात बसवणं त्याहून कित्येक पट महाग, टनाला अनेकशे डॉलर. आइसलँडमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या ओर्का संयंत्रात तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात आणि तिथे त्याचा दगड बनतो. उत्सर्जनाच्या बरोबरीने टिकेल अशी खरी वजाबाकी हवी असेल तर या मालाकडे बघावं लागतं. पण त्याची क्षमता जगाच्या गरजेपुढे अजून अगदी तुटपुंजी आहे. आणि भाव बघा: टनाला शंभर डॉलर धरले तरी तुमचे सातशे टन सत्तर हजार डॉलरला पडतील, माणशी एकशेपंच्याहत्तर. पाचशे डॉलर धरले तर माणशी पावणेनऊशे. दहा आणि पावणेनऊशे यांच्यातलं अंतर समितीसमोर फळ्यावर लिहून दाखवा. माझा अनुभव असा की त्यानंतर चर्चेचा विषयच बदलतो आणि लोक विचारायला लागतात, "मग इतके जण एवढ्या लांबून येतातच कशाला?" तो प्रश्न यायला हवा असतो.

तिकडे वळण्याआधी, तुमच्या सभासदांकडून हमखास येतील अशा तीन शंका.

"विमान कंपनीच ऑफसेट करते ना?" इकाओची 'कोर्सिया' नावाची योजना आहे. २०१६ मध्ये ठरली, २०२१ पासून लागू. तिच्यात विमान कंपन्यांनी २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जे जाईल तेवढ्यापुरतीच भरपाई करायची आहे, तीही योजनेत सामील देशांमधल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. त्या मर्यादेखालचा ढीग तसाच राहतो. तिकीट काढताना दिसणारी ऑफसेटची चौकट ही वेगळी, ऐच्छिक गोष्ट. इझीजेट या विमान कंपनीने २०१९ पासून आपली सगळी उड्डाणं ऑफसेट करायला घेतली होती, २०२२ मध्ये ते सोडून दिलं. २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिरातींतले काही दावे दिशाभूल करणारे ठरवले.

"हरित इंधन वापरू की." वापरलेलं खाद्यतेल वगैरेंपासून बनवलेल्या विमान इंधनाने पूर्ण साखळीतलं उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतं असं सांगतात, चांगल्या कच्च्या मालाबाबत ते खरंही आहे. पण २०२४ मध्ये जगातल्या एकूण विमान इंधनात त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के आणि २०३० पासून ६ टक्के मिश्रण सक्तीचं केलंय. तुम्ही पैसे दिलेलं इंधन या सक्तीच्या वर जास्तीचं असेल तर अर्थ आहे. कंपनीला कायद्याने जे मिसळावंच लागणार आहे त्याचं बिल तुम्ही भरत असाल तर नाही. हे लेखी विचारा.

"मी गेलो नाही तरी विमान जाणारच." त्या दिवशी, हो. पण तिकिटं किती खपतात यावरच पुढच्या हंगामात उड्डाणं आणि विमानांचा आकार ठरतो. चारशे जणांचा गट दरवर्षी ठरल्या वेळी उडत असेल तर तो त्या मागणीत धरला जातो.

आता मुख्य काम. उत्सर्जनाचा मोठा हिस्सा ठरतो तो बैठक कुठे, किती वेळा आणि कुणासाठी, यावर, आणि या तिन्ही गोष्टी तुमच्या कार्यकारिणीच्या हातात आहेत. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या अधिवेशनाचं विश्लेषण पुढच्या वर्षी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. सुमारे २८,००० लोक, प्रवासाचं उत्सर्जन सुमारे ८०,००० टन, म्हणजे माणशी जवळपास तीन टन. त्यात आठ हजार किलोमीटरपलीकडून आलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांचा वाटा तीन चतुर्थांशाच्या घरात होता. तेच अधिवेशन शिकागोला घेतलं असतं तरी सुमारे १२ टक्के घट झाली असती. एकाही माणसाला नाही न म्हणता, एकही क्रेडिट न घेता.

तुमच्यासाठी हे असं करा. गेल्या तीन बैठकांच्या नोंदणी याद्या घ्या. प्रत्येकाचं निघण्याचं शहर एका तक्त्यात भरा. मग संभाव्य चार-पाच ठिकाणांसाठी एकूण किलोमीटर काढा. एका दुपारचं काम आहे. थेट उड्डाणं आहेत का आणि जवळच्यांना रेल्वेने येता येईल का, हेही शेजारी लिहा. बहुतेक वेळा चांगल्या आणि वाईट ठिकाणात इतका फरक निघतो की पुढे कितीही क्रेडिट घेतली तरी तो भरून निघत नाही. फक्त एक सांभाळा. 'मध्यवर्ती' ठिकाण म्हणजे जिथे आधीच जास्त सभासद आहेत ते, आणि मग दूरच्या देशांतले लोक कायमचेच दूर राहतात. हे टाळायचं तर एकाच दिवशी दोन-तीन खंडांत प्रादेशिक केंद्रं ठेवून ती दूरचित्र संवादाने जोडणं हा मला पटलेला मार्ग आहे. वेळेतल्या फरकामुळे एकत्र सत्रं रोज दोन-तीन तासांचीच होतात. त्याने कार्यक्रम आखडतो, आणि तो आखडला तर फारसं बिघडत नाही.

दुसरं, वर्षाआड. एक वर्ष प्रत्यक्ष, एक वर्ष पूर्ण ऑनलाइन. उत्सर्जन जवळपास निम्मं. ऑनलाइन बैठकीचा विजेचा खर्च उड्डाणांपुढे नगण्य असतो.

तिसरं सगळ्यात नाजूक: कुणी यावं? प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही असं म्हणणारे पूर्ण चुकीचे नाहीत. नव्या माणसाला ओळखी होतात त्या चहाच्या सुट्टीत, पडद्यावर नाही. पण ज्यांची ओळख आधीच पक्की आहे असे ज्येष्ठ लोक सगळ्यात जास्त उडतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात प्राध्यापकांचा विमानप्रवास आणि त्यांचं संशोधन यांत काही संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पगाराशी! तेव्हा कात्री लावायची तर उपसमित्यांच्या दोन दिवसांच्या कामकाजाच्या बैठका, उद्घाटनापुरते येणारे पाहुणे आणि बिझनेस क्लासची तिकिटं इथून सुरुवात करा. पाहुण्यांना इकॉनॉमीचं भाडं देऊ, वरचा फरक तुमचा, एवढा एक नियम केला तरी बरेच टन वाचतात. पहिल्यांदा येणाऱ्या तरुणांवर कात्री चालवू नका.

ही सगळी गणितं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य. तुमच्या संघटनेत निवडणूक किंवा घटनादुरुस्ती प्रत्यक्ष उपस्थितीतच करायची सक्ती असेल तर वर्षाआडचा पर्याय आधी नियम बदलल्याशिवाय जमणार नाही. हाताने करायचं काम असेल, उपकरणं, नमुने, प्रात्यक्षिकं, तर केंद्रं जोडून भागणार नाही. नुसते शोधनिबंध वाचले जात असतील तर मात्र विमानाचं समर्थन करणं मला जड जाईल.

एवढं करून जे उरेल त्यासाठी पैसे. इथे मी उलट बाजूने येतो. टनाचा भाव बाजारातल्या सर्वांत स्वस्त क्रेडिटवरून ठरवू नका, आधी भाव ठरवा आणि मग त्यातून काय घेता येतं ते बघा. टनाला शंभर डॉलर हा आकडा मी सुचवतो. तो दुखतो, आणि तरी कोलमडून टाकत नाही. उरलेले टन तीनशे असतील तर तीस हजार डॉलर. त्यातला मोठा भाग टिकाऊ पद्धतींना द्या, टन थोडे मिळाले तरी चालतील. काही भाग मीटरने मोजता येणाऱ्या मिथेनसारख्या प्रकल्पांना. आणि थोडा भाग पुढच्या वर्षीच्या प्रादेशिक केंद्रांच्या खर्चासाठी बाजूला ठेवा, कारण पुढच्या बैठकीचे टन तिथेच वाचणार आहेत.

हा पैसा नोंदणी शुल्कात सगळ्यांवर सारखा टाकणं मला पटत नाही. शेजारच्या शहरातून रेल्वेने येणारी विद्यार्थिनी आणि दुसऱ्या खंडातून बिझनेसने येणारा संचालक दोघेही दहा डॉलर देणार, हा कुठला न्याय? अंतरावर आणि क्लासवर आकारणी ठेवा, ती संस्थांकडून घ्या, आणि विद्यार्थी व कमी उत्पन्नाच्या देशांतले सभासद यांना पूर्ण सूट द्या. दूरून येणाऱ्यांत हे लोक बरेच असतात, आणि विमानवाहतुकीचं ओझं त्यांनी टाकलेलं नाही. २०२० च्या एका अभ्यासाप्रमाणे जगातले फक्त १ टक्का लोक प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत आहेत.

खरेदी करताना विक्रेत्याकडून काय मागायचं? प्रकल्पाचं नाव, कोणत्या रजिस्ट्रीत (क्रेडिटची नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेत) नोंद आहे, कोणत्या वर्षातली घट, आणि तुमच्या नावाने रद्द केलेल्या क्रेडिटचे अनुक्रमांक. क्रेडिट घेतलं पण रजिस्ट्रीत रद्द झालं नाही तर तेच उद्या दुसऱ्याला विकता येतं. 'आमच्या विविध प्रकल्पांच्या संचातून' असं मोघम उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा. तीच घट प्रकल्पाचा देशही आपल्या पॅरिस कराराच्या उद्दिष्टात मोजतोय का, हेही विचारा. मोजत असेल तर तुम्ही त्या देशाला मदत केलीत असं म्हणा, तुमचे टन पुसले असं म्हणू नका.

आणि 'न्यूट्रल' या शब्दाबद्दल. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून ऑफसेटच्या आधारावर एखादं उत्पादन हवामानाच्या दृष्टीने तटस्थ असल्याचं ग्राहकांना सांगायला बंदी येते आहे. तुमची संघटना त्या कायद्याच्या कक्षेत येईल की नाही हे तिच्या स्वरूपावर ठरेल, पण बैठकीच्या पत्रकावर तो शब्द छापण्याआधी वकिलाला दाखवावं लागेल असा काळ आलाय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा न्यूट्रल म्हटलं की पुढच्या वर्षी ठिकाण बदलायला कुणाकडे कारणच उरत नाही. हिशेब शून्यावर आला ना!

म्हणून ठराव असा मांडून बघा: "या बैठकीच्या प्रवासाचं एकूण उत्सर्जन दरवर्षी मोजून, काहीही वजा न करता जाहीर करावं. पुढच्या तीन वर्षांत ते निम्म्यावर आणण्यासाठी ठिकाण, वारंवारता आणि प्रवासखर्चाचे नियम बदलावेत. उरलेल्या प्रत्येक टनामागे शंभर डॉलर हवामानविषयक कामांना द्यावेत आणि त्यांची यादी अनुक्रमांकांसह प्रसिद्ध करावी." हा ठराव पुढच्या ठिकाणाचा सभागृहाशी करार होण्याआधीच्या सभेत आणा. मोठ्या बैठकांचे करार दोन-तीन वर्षं आधी होतात, तेव्हा तुमच्या हातात किती वर्षं मोकळी आहेत ते आधी सचिवांना विचारून घ्या. पहिलं वर्ष बांधलेलंच असेल तर त्यात फक्त क्लासचा नियम आणि उपसमित्यांच्या ऑनलाइन बैठका एवढंच बसेल.